कुत्र्याच्या जठराला पीळ पडतो तेव्हा

ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारखा खोल छातीचा मोठा कुत्रा पुन्हा पुन्हा ओकारीचे उमाळे काढतो, तोंडातून फेसाळ लाळेखेरीज काहीच पडत नाही आणि बरगड्यांमागचे पोट टम्म फुगते. हे अपचन समजून घरगुती उपायांत वेळ घालवू नये. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि तसे असेल तर हाताशी काही तासच असतात.

फुगलेले जठर फिरले, की अन्ननलिकेकडचे आणि आतड्याकडचे अशी त्याची दोन्ही तोंडे आवळली जातात; म्हणून उलटीही होत नाही आणि ढेकरही येत नाही. खरा घात मात्र रक्ताभिसरणाचा होतो. फुगवट्याचा दाब पोटातल्या मोठ्या शिरांवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त घटते, कुत्रा शॉकमध्ये जातो आणि रक्ताविना जठराची भिंत मरू लागते. त्यामुळे पशुवैद्य आधी पुढच्या पायांच्या शिरांतून वेगाने सलाइन देतात (मागच्या पायांतले रक्त त्या दाबापाशीच अडते) आणि तोंडातून नळी घालून किंवा बरगड्यांमागे जाड सुई टोचून वायू बाहेर काढतात. नळी आत गेली म्हणजे पीळ नाही, असे मात्र समजू नये.

निदान पक्के होते ते उजव्या कुशीवर निजवून काढलेल्या एक्स-रेने. जठराचे आतड्याकडचे टोक जागा सोडून वर पाठीकडे गेलेले दिसते आणि वायूने भरलेल्या दोन काळ्या कप्प्यांमध्ये पांढरट पट्टी उमटते.

पोट उघडताच शल्यचिकित्सकाला जठराऐवजी त्यावर पसरलेला चरबीचा जाळीदार पडदा दिसला, तर जठर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरले आहे हे कळते. बहुतेक वेळा असेच असते. पीळ सोडवल्यावर काही मिनिटे थांबून भिंतीचा रंग पाहतात: जांभळा भाग रक्त मिळताच पुन्हा गुलाबी होऊ शकतो, पण करडा, हिरवट किंवा काळा आणि बोटांना पातळ लागणारा भाग कापून काढावा लागतो. पाणथरीच्या शिरांत गुठळ्या झाल्या असतील तर तीही काढतात.

इतके करून पोट शिवून टाकणे ही माझ्या मते अर्धवट शस्त्रक्रिया आहे, कारण मोकळ्या सोडलेल्या जठराला निम्म्याहून अधिक कुत्र्यांत पुन्हा पीळ पडतो. म्हणून जठराच्या आतड्याकडच्या भागावर आणि उजव्या पोटभिंतीवर समोरासमोर उथळ छेद घेऊन दोन्ही कडा एकमेकींना शिवतात. त्या जखमा भरताना जोडल्या जातात आणि जठर जागी धरून ठेवतात. पुढचे दोन-तीन दिवस हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असल्याने कुत्र्याला ईसीजीखाली ठेवतात.