फाइलवर नाव नसतं, आकडा असतो

ऑफिसच्या नॅसवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या नेटवर्कवरच्या सर्व्हरवर, अमोलने उबुंटू या लिनक्सवरून एक फोल्डर केला. तोच फोल्डर मॅकवरून उघडतो, फाइल वाचताही येते. सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही. दोन्हीकडे युजर अमोलच, पासवर्डही तोच.

लिनक्स आणि मॅक, दोघेही युनिक्सच्या घराण्यातले. तिथे फाइलसोबत मालकाचं नाव साठवत नाहीत, फक्त युजर आयडीचा आकडा साठवतात. उबुंटूवर पहिल्या युजरला 1000 मिळतो, मॅकवर 501. असे फोल्डर नेटवर्कवरून उघडून देणारी, सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणलेली एनएफएस तिच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हरला एवढा आकडाच कळवते, आणि क्लायंट, म्हणजे युजरचं मशीन, सांगेल तो आकडा सर्व्हर खरा मानतो. पासवर्डचा प्रश्नच येत नाही. म्हणून सर्व्हरच्या लेखी हे दोन अमोल परके. उलट, दोन लिनक्स मशीनवरचे दोन वेगळे 1000 नंबरवाले एकमेकांच्या फाइली बिनदिक्कत उडवू शकतात. मला धास्ती याची जास्त, कारण इथे एररसुद्धा येत नाही. फक्त शून्य नंबरच्या रूटवर, म्हणजे सर्वाधिकारी युजरवर, सर्व्हर सहसा विश्वास ठेवत नाही. त्याला 65534, म्हणजे खास अधिकार नसलेला ‘नोबडी’ करून टाकतो.

विंडोजची तऱ्हा निराळी. तिथे युजरची ओळख म्हणजे एसआयडी नावाचा लांबलचक क्रमांक, आणि प्रत्येक फाइलला कोणाला काय करू द्यायचं याची अख्खी यादी. युनिक्सचा मूळ हिशेब नऊ बिटांत आटोपतो: मालक, ग्रुप, इतर, प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं. या दोघांमध्ये दुभाष्या म्हणून बसतं सांबा हे सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991-92 मध्ये ते लिहायला घेतलं. विंडोजचा ‘आर्काइव्ह’ बिट, म्हणजे फाइलीचा बॅकअप बाकी असल्याची खूण, ठेवायला युनिक्सकडे जागा नव्हती, म्हणून सांबाने तो मालकाच्या ‘चालवणं’ या बिटात कोंबला. जुन्या सर्व्हरवर साध्या वर्ड फाइली लिनक्सला प्रोग्रॅम वाटतात त्या यामुळे.

वैतागून फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊ नये. मग कोणीही काहीही पुसू शकतं. सगळ्यांचा एक ग्रुप करावा, त्याचा आकडा सगळ्या मशीनवर एकच ठेवावा आणि फोल्डरला 2770 द्यावं: मालक आणि ग्रुपला सगळं, इतरांना काही नाही. सुरुवातीच्या 2 मुळे आत तयार होणाऱ्या फाइलीला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. तरीही मॅकचा युमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा, मुळात 022 असतो, म्हणजे नव्या फाइलीवर ग्रुपला लिहिता येत नाही. तो 002 करायचं राहिलं, तर अमोलची तक्रार सोमवारी पुन्हा येणार.