डिझेल ॲडिटिव्ह : विदर्भातील ट्रकांसाठी निवड

डिझेल ॲडिटिव्ह म्हणजे टाकीतल्या डिझेलात अगदी थोडे, बहुधा हजार लिटरला एखादा लिटर या मापात, मिसळायचे रसायन. कोणते वंगण वाढवते, कोणते नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे तोंड) साफ ठेवते, कोणते पाणी खाली बसवते, कोणते जंतू मारते. एकाच बाटलीत ही सगळी कामे असतात असे नाही, लेबलावर मात्र सगळी लिहिलेली असू शकतात. ड्रायव्हर-मिस्त्रींच्या बोलण्यात ही 'डिझेलची दवाई', आणि हा शब्द चपखल आहे. कपाशीवर मावा आहे की बोंडअळी हे न बघता दुकानदार देईल ते फवारणारा शेतकरी आणि ''गाडी धूर मारून राह्यली'' एवढ्यावर बाटली उचलणारा ट्रकमालक, दोघांची गत एकच.

दवाईची गरज का वाटू लागली, याचे मूळ गंधकात आहे. भारत स्टेज-३ (गाड्यांच्या धुराचे सरकारी मानक) च्या डिझेलात दर दहा लाख भागांत गंधकाचे ३५० भाग चालत. देशभर १ एप्रिल २०१७ पासून ही मर्यादा ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून, भारत स्टेज-६ मध्ये, १० वर. गंधक स्वतः वंगण नव्हे. पण ते काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलाचा नैसर्गिक बुळबुळीतपणा देणारे घटकही निघून जातात. इंजिनातल्या डिझेल पंपाचे आणि नोझलचे आतले भाग तर डिझेलावरच वंगण घेतात, त्यांना वेगळे ऑईल नसते. म्हणून तेल शुद्धीकरण कारखानेच वंगणपूरक घालून डिझेल बाहेर पाठवतात. घर्षण चाचणीत पडणारा ओरखडा ४६० मायक्रोमीटरच्या आत असावा, असा दंडक आहे. म्हणजे चांगल्या पंपावरच्या डिझेलात ॲडिटिव्ह आधीच असते. वरून वंगणाची बाटली ओतण्यात नुकसान नाही, पण फायदा मोजता येईल असाही नाही. घासलेटाची भेसळ झाली तर गोष्ट वेगळी: वंगण घटते आणि पंप घासतो. तिथे बाटलीपेक्षा पंप बदललेला बरा, आणि इथे पंप म्हणजे डिझेल भरायचा.

जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्या बरेच सोसत. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल पोचवणाऱ्या नव्या इंजिनात, डिझेलाचा दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो आणि नोझलमधली फट दोन-चार मायक्रोमीटरची असते; माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड. अशा फटीचा खरा शत्रू पाणी आहे. पावसाळ्यात, विशेषतः भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते आणि तळाशी उतरते. जिनिंगचा हंगाम संपल्यावर कापसाच्या गाड्या आवारात उभ्या राहतात, तेव्हा हे महिनोन्‌महिने चालते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. फिल्टर उघडला की काळपट, शेवाळासारखी लिबलिबीत घाण हाताला लागते ती हीच. त्यावर जंतुनाशक ॲडिटिव्ह चालते, पण आधी पाणी काढूनच. पाणी राहिले तर जंतू परत येतात. मेलेली घाणही फिल्टरमध्येच येते, म्हणून गाडीत एक फिल्टर जास्तीचा ठेवावा.

पाण्यावरच्या दवाया दोन जातीच्या असतात आणि घोळ नेमका इथे होतो. एक पाण्याचे थेंब एकत्र करून खाली बसवते, म्हणजे वॉटर सेपरेटर (डिझेलातले पाणी वेगळे काढणारा फिल्टर) ते पकडू शकतो. दुसरी पाणी डिझेलात बारीक मिसळून इंजिनातून जाळून टाकते. जुन्या गाडीला दुसरी चालून जाई; कॉमन रेलमध्ये ते मिसळलेले पाणी सेपरेटरला चुकवून थेट नोझलपर्यंत पोहोचते. अल्कोहोल असलेल्या दवायाही याच कारणाने टाळाव्यात, वर त्या वंगणही कमी करतात. लेबलावर 'पाणी वेगळे करते' असे असेल तर घ्या, 'पाणी शोषून घेते' असे असेल तर ठेवून द्या.

बाटली घेण्याआधीची तपासणी फुकट आहे. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सेपरेटरच्या बुडाचा नट सैल करून अर्धा ग्लास डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि तासभर उभे ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. गढूळपणा राहिला तर मिसळलेले पाणी. काळे कण तरंगले तर जंतूंची घाण. वणी-घुग्घूसच्या कोळशाच्या गाड्यांत झाकणातून गेलेली भुकटीही सापडते. भुकटी विरघळवणारी दवाई बाजारात नाही.

नोझल साफ करणारी डिटर्जंट ॲडिटिव्ह मात्र खरोखर उपयोगी पडतात, विशेषतः मायलेज हळूहळू घसरत गेले असेल तर. तेल कंपन्यांच्या महाग डिझेलातही हेच असते. सेटेन, म्हणजे डिझेल किती चटकन पेटते त्याचा आकडा, वाढवणारे (बहुधा २-इथिलहेक्सिल नायट्रेट) डिझेल लवकर पेटवते. पण पंपावरच्या डिझेलाचा सेटेन निदान ५१ असावा असा दंडकच असल्याने फरक थोडा पडतो. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बोचा पाइप बघावा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे, बहुधा रिंगा गेल्या. त्यावर कुठलीही बाटली नाही.

डिझेल गोठू न देणारी दवाई थंड प्रदेशासाठी असते. नागपूरच्या कडाक्याच्या थंडीतही तिचे काम नाही. उलट इथला त्रास उन्हाचा. चंद्रपुरात ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की इंजिनातून परतणारे गरम डिझेल टाकी तापवते आणि पातळ होते. टाकी अर्ध्याच्या वर ठेवली की ते निवते. जळके ऑईल, पेट्रोल किंवा घासलेट घालण्याचा जुना नुस्खा नव्या गाडीत नोझल आणि धूर-फिल्टर दोन्ही घालवतो. धातू असलेली ॲडिटिव्हही राख सोडतात. तीही नकोत.

मापात सगळ्यात जास्त चूक होते. अडीचशे लिटरसाठीची बाटली सव्वाशे लिटरात ओतली तर दुप्पट डोस झाला. आधी बाटली, मग डिझेल, म्हणजे धारेने ती घुसळते. शेतातल्या ड्रममध्ये साठा करताना जस्ताचा मुलामा असलेला ड्रम टाळावा. जस्त आणि तांबे डिझेल लवकर खराब करतात.

निळ्या झाकणाचा 'युरिया' हे डिझेल ॲडिटिव्ह नव्हे. भारत स्टेज-६ च्या ट्रकात तो वेगळ्या टाकीत जातो आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेले पाणी असते. घरी खताचे पोते आणि बोअरचे पाणी आहे म्हणून तो करायला जाऊ नये. खतातली अशुद्धी आणि आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार मिळून सायलेन्सरमधले, धूर शुद्ध करणारे महागडे कॅटॅलिस्ट बुजवतात. आणि चुकून तो डिझेलच्या टाकीत पडलाच, तर चावीसुद्धा फिरवू नये. टाकी पूर्ण रिकामी करून धुऊन मगच मिस्त्रीने गाडी सुरू करावी.