एका पंखावर २७ महिने

भारताच्या पहिल्या उपग्रहांची आठवण निघाली की आर्यभटाचे नाव हमखास येते; मात्र दळणवळणाच्या तंत्रज्ञानाची खरी परीक्षा ज्या उपग्रहाने दिली तो 'अॅपल' सहसा कोणाला आठवत नाही. युरोपीय अंतराळ संस्थेने आपल्या एरियान या नव्या अग्निबाणाच्या चाचणी उड्डाणात भारताला विनाशुल्क जागा देऊ केली होती. अर्थात, फुकटच्या प्रवासातील धोका प्रवाशाने पत्करायचा होता, आणि एरियानचे दुसरेच उड्डाण १९८० मध्ये फसले होते. तरीही १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून तिसऱ्या उड्डाणात सुमारे ६७० किलो वजनाचा अॅपल अवकाशात गेला.

बंगळूरजवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये तो बांधला गेला. त्याच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात करायची होती आणि ट्रकच्या धातूच्या सांगाड्यावरून रेडिओलहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडले असते, म्हणून तो लाकडी बैलगाडीवर ठेवण्यात आला. बैलगाडीवरील उपग्रहाच्या छायाचित्राकडे पुष्कळ जण गरिबीची खूण म्हणून पाहतात. वास्तविक तो भौतिकशास्त्राचा विचार करून काढलेला तोडगा होता.

अग्निबाणाने उपग्रहाला केवळ लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील वर्तुळाकार कक्षेत, जिथे उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याशी जुळवून घेतो आणि जमिनीवरून एकाच जागी स्थिर भासतो, तिथे टिकण्यासाठी त्याचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरने वाढवावा लागतो. हे काम एसएलव्ही-३ या भारतीय अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावरून घडवलेल्या घन इंधनाच्या मोटरने चोख केले.

अडचण पुढे आली. दोन सौरपंखांपैकी एक उघडलाच नाही. वीज कमी पडली, शिवाय मिटलेला पंख अंगाशीच राहिल्याने उपग्रहातील उष्णता बाहेर टाकणेही अवघड झाले. तरीही आर. एम. वासगम यांच्या नेतृत्वाखालील चमूने उपग्रहाची दिशा सांभाळत आणि वीज जपून वापरत दूरचित्रवाणी प्रक्षेपण व रेडिओ जोडणीचे प्रयोग पार पाडले. सप्टेंबर १९८३ पर्यंत तो चालला. दरम्यान, अमेरिकेत बांधून घेतलेला भारताचा दळणवळण उपग्रह इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सोडला गेला आणि पाच महिन्यांतच बंद पडला.