डीफ्रॅग आणि ट्रिम: बटण एक, कामं दोन

विंडोजच्या सर्चमध्ये ‘डीफ्रॅग’ टाइप केलं की ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ नावाची छोटी विंडो उघडते. वर तुमच्या सगळ्या ड्राइव्हची यादी आणि खाली ‘ऑप्टिमाइझ’ असं एकच बटण. हार्ड डिस्क निवडून ते दाबलं तर काम तासभरही चालू शकतं, एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) निवडून दाबलं तर बहुतेकदा काही सेकंदांत आटोपतं. त्यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की एसएसडी वेगवान असल्यामुळे तिचं डीफ्रॅग पटकन उरकलं. खरं तर तिथे डीफ्रॅग झालेलंच नसतं. झालेलं असतं ट्रिम. २०१२च्या विंडोज ८ मध्ये ‘डिस्क डीफ्रॅगमेंटर’चं नाव बदललं आणि दोन्ही कामं या एका बटणामागे गेली. घोळाचं मूळ तिथे आहे.

डीफ्रॅग हा फिरत्या तबकडीचा उपाय. घरगुती कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क साधारण मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. एखादी फाइल शंभर तुकड्यांत विखुरली असेल तर वाचणाऱ्या हेडला शंभरदा जागा बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी तबकडीचा तो भाग खाली येईपर्यंत थांबावं लागतं. हे तुकडे उचलून सलग मांडणं म्हणजे डीफ्रॅग.

एसएसडीत हेड नाही आणि फिरणारं काहीच नाही. चिपवरच्या कुठल्याही कोपऱ्यातला डेटा मिळायला साधारण एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, मग तुकडे जवळ असोत की लांब. शिवाय विंडोजला दिसणारे पत्ते खरे नसतातच. ड्राइव्हचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी चिप, स्वतःचा नकाशा ठेवतो आणि डेटा त्याला सोयीच्या जागी लिहितो. त्यामुळे एसएसडीवर डीफ्रॅग केलं तरी पत्ते तेवढे सलग होतात, चिपवरचा डेटा विखुरलेलाच राहतो. वर प्रत्येक हलवाहलव म्हणजे नवं लिखाण, आणि फ्लॅशच्या, म्हणजे एसएसडीत डेटा साठवणाऱ्या चिपच्या, पेशी लिहून-पुसून झिजतात.

पण ‘एकदा डीफ्रॅग केलं की एसएसडी गेलीच’ ही भीतीही अवास्तव आहे. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ मालिकेतल्या ५०० जीबी ड्राइव्हची वॉरंटी ३०० टेराबाइट लिखाणापर्यंत आहे. दरवेळी २०० जीबी डेटा इकडचा तिकडे झाला असं धरलं, तरी ती मर्यादा गाठायला दीड हजार वेळा डीफ्रॅग करावं लागेल. सिस्टिम रिस्टोर (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज स्वतःच अधूनमधून एसएसडीवरही डीफ्रॅग करतं, कारण एका फाइलचे किती तुकडे नोंदवता येतात यालाही फाइल सिस्टिममध्ये मर्यादा असते. ते विंडोजवर सोडावं. डीफ्रॅगचं वेगळं सॉफ्टवेअर एसएसडीसाठी विकत घेणं मात्र निव्वळ पैसे फुकट घालवणं.

आता ट्रिम. फ्लॅशमध्ये लिहिण्याचं एकक आणि पुसण्याचं एकक वेगवेगळं असतं. लिहायचं तर काही किलोबाइटच्या पेजवर लिहिता येतं, पुसायचं तर शेकडो पेजेसचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो, आणि पुसल्याशिवाय त्या जागी पुन्हा लिहिता येत नाही. त्यात तुम्ही फाइल डिलीट केली की विंडोज फक्त आपल्या नोंदवहीत ‘ही जागा मोकळी’ असं लिहितं, ड्राइव्हला पत्ताच नसतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने रजिस्टरातून भाडेकरूचं नाव खोडलं, पण वॉचमनला सांगितलंच नाही, आणि तो इमानेइतबारे रिकाम्या फ्लॅटवर पहारा देतोय, तशी ही गत. कंट्रोलर जागा मोकळी करायला ब्लॉक पुसायला घेतो तेव्हा ही मेलेली पेजेसही जिवंत समजून आधी दुसरीकडे कॉपी करतो. त्याचं काम वाढतं, झीज वाढते आणि लिहिण्याचा वेग पडतो.

ट्रिम म्हणजे ड्राइव्हला दिलेला तेवढाच निरोप: या पत्त्यांवरचं आता नको आहे. त्यात एकही बाइट हलत नाही, म्हणून काम सेकंदांत होतं. २००९च्या विंडोज ७ पासून फाइल डिलीट होताच हा निरोप आपोआप जातो. ड्राइव्ह कामात असताना काही निरोप गळू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा मोकळ्या जागेची यादी पुन्हा पाठवली जाते. एसएसडीवर ते बटण हेच करतं. ‘एसएसडी आहे ना, मग शेड्यूल्ड ऑप्टिमायझेशन बंद करा’ हा जुना सल्ला त्यामुळे उलटा पडतो.

तरीही एसएसडी मंदावली असेल तर आधी ती किती भरलीय ते बघा. आजच्या बहुतेक घरगुती एसएसडी मोकळ्या पेशींचा काही भाग वेगवान कॅशसारखा, म्हणजे तात्पुरत्या साठवणीसाठी, वापरतात. ड्राइव्ह भरत गेली की ही कॅश आकसते, आणि मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीचा झपाटा अचानक गळून पडतो. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्हमध्ये हे फार जाणवतं. दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवणं हा माझ्या मते कुठल्याही ‘बूस्टर’ सॉफ्टवेअरपेक्षा सरस उपाय.

त्या विंडोत ‘मीडिया टाइप’ नावाचा रकाना आहे, त्यावर एकदा नजर टाका. तिथे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असायला हवं. यूएसबी केसमध्ये घातलेली एसएसडी कधीकधी तिथे हार्ड डिस्क म्हणून दिसते, आणि मग बटण दाबल्यावर खरोखरच डीफ्रॅग होतं. तसं दिसत असेल तर बटणाच्या वाटेला जाऊ नका. लिनक्सच्या उबुंटूमध्ये साप्ताहिक ट्रिम आधीपासून चालू असतं. मॅकमध्ये अ‍ॅपलच्या स्वतःच्या एसएसडीवर ते आपोआप होतं, बाहेरून घेऊन बसवलेल्या एसएसडीवर मुद्दाम चालू करावं लागू शकतं.

दोन्हींतला एक फरक सहसा फार उशिरा कळतो. हार्ड डिस्कवरून चुकून उडवलेले फोटो, वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बहुतेकदा परत मिळतात. म्हणून अशा वेळी तिच्यावर डीफ्रॅग चुकूनही करू नये. एसएसडीवर मात्र ट्रिमचा निरोप गेला की त्या पत्त्यांवर बहुतेक ड्राइव्ह शून्यच परत देतात, आणि दुकानदारही काही करू शकत नाही. फाइल रिसायकल बिनमध्ये असेपर्यंत हा निरोप जात नाही, शिफ्ट दाबून डिलीट केली की लगेच जातो. ज्या जुन्या यूएसबी केसमधून ट्रिम पोचतच नाही, तिथल्या एसएसडीवरचे फोटो मात्र अजूनही सापडू शकतात.