गुलाल नेमका कुणाला?

कुस्ती असो नाहीतर निवडणूक, कोल्हापुरात निकाल विचारावा लागत नाही. गुलाल कुणाच्या अंगावर आहे ते बघायचं. पण चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जा. माणसं, पायऱ्या, सासनकाठ्या, सगळंच गुलाबी. तिथं गुलालावरून एखाद्याला हुडकून दाखवा! प्रयोगशाळेत प्रथिनं शोधणाऱ्यांची निम्मी हयात अशी यात्रा टाळण्यात जाते.

पेशींच्या अर्कात हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात, आपल्याला हवं असतं एकच. ते हुडकायच्या ‘वेस्टर्न ब्लॉट’ या पद्धतीत सगळी प्रथिनं जेल नावाच्या जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर पळवून आकारानुसार वेगळी करतात आणि कागदासारख्या पातळ मेंब्रेनवर उतरवून घेतात. मेंब्रेन पांढरंफेक, दिसत काहीच नाही. मग त्यावर सशाच्या अंगात तयार झालेली, आपल्या प्रथिनालाच धरणारी अँटिबॉडी (परक्या गोष्टीला पकडायला शरीर बनवतं ते प्रथिन) सोडायची. ही प्रायमरी. ती जागेवर जाऊन बसते, पण तिलाही रंग नसतो. नंतर येते सेकंडरी. सशाची अँटिबॉडी शेळीला टोचली की शेळीचं शरीर तिला परकी समजतं आणि तिच्याविरुद्ध स्वतःची अँटिबॉडी बनवतं. ती गोळा करून तिला एन्झाइम जोडलं की झाला आपला गुलालवाला तयार.

गुलाल थेट प्रायमरीच्याच हाती का देत नाहीत? देतातही, पण ते महागात पडतं. प्रत्येक प्रथिनासाठी प्रायमरी वेगळी, म्हणजे एन्झाइम जोडायचा खटाटोपही दर वेळी नवा. उलट ‘सशाविरुद्ध शेळी’ अशी एकच बाटली सशाच्या सगळ्या प्रायमरींना पुरते. शिवाय एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात आणि प्रत्येकीचं एन्झाइम थकेपर्यंत काम करत राहतं, त्यामुळे इवलंसं प्रथिनही उठून दिसतं.

हे एन्झाइम बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज असतं. हॉर्सरॅडिश म्हणजे मोहरी-मुळ्याच्या भाऊबंदांतलं एक झणझणीत मूळ. (इंग्रजांनी आपल्या शेवग्यालाही हॉर्सरॅडिशचं झाड म्हटलं, पण या एन्झाइमशी शेवग्याचा संबंध नाही.) हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीनं ते ल्युमिनॉल नावाच्या रसायनावर काम करतं आणि अंधारात निळसर उजेड पडतो. तो कॅमेऱ्यानं टिपायचा. रक्तासारख्या नमुन्यातलं प्रथिन मोजणाऱ्या एलायझा चाचणीतही एन्झाइम जोडलेल्या अँटिबॉडीची हीच युक्ती वापरतात. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एव्हा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी ती मांडली, त्याआधी अशा मोजमापांसाठी किरणोत्सारी खुणा वापरत.

आता यात्रा कशी टाळायची? मेंब्रेन सगळ्याच प्रथिनांना चिकटवून घेतं, अँटिबॉडीसुद्धा प्रथिनच. म्हणून मोकळी जागा आधीच भरून टाकायची, आणि त्यासाठी दूध! पन्नास मिली बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या खारट द्रावणात) अडीच ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर ढवळायची आणि मेंब्रेन तासभर त्यात डुलत ठेवायचं. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध इथं कामाचं नाही, ते आपण प्यावं. फॉस्फेट लागलेलं प्रथिन शोधायचं असेल तर पावडरही बरेचजण टाळतात, कारण दुधातल्या केसिन या प्रथिनावर फॉस्फेट असतातच.

एकदा माझा ब्लॉट कोरा करकरीत निघाला. प्रायमरी बदलली, सेकंडरी बदलली, दोन आठवडे गेले. मग बफरच्या बाटलीवरचं पुसट लेबल उजेडात धरून वाचलं. बुरशी येऊ नये म्हणून कुणीतरी त्यात सोडियम अझाइड घातलं होतं. अझाइड या पेरॉक्सिडेजला ठप्प करतं. गुलालवाला दारात उभा होता, पण त्याचे हातच बांधलेले!

कोरा ब्लॉट निदान खोटं बोलत नाही. मला जास्त भीती वाटते देखण्या बँडची, म्हणजे प्रथिनाच्या जागी उमटणाऱ्या पट्ट्याची. सेकंडरीला आपल्या प्रथिनाची ओळखच नसते, तिला फक्त प्राणी कळतो. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच प्रायमरी वापरली, तर सेकंडरी ऊतीत मुळातच असलेल्या उंदराच्या अँटिबॉडींनाही गुलाल फासते, आणि ५० व २५ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनांच्या वजनाचं माप) आसपास ठसठशीत बँड येतात. नवखा माणूस ते पाहून पेढे वाटतो.

म्हणून मेंब्रेनचा एक तुकडा प्रायमरीशिवाय, नुसत्या सेकंडरीत ठेवायचा. तो कोरा निघायला हवा. परवा एका विद्यार्थिनीनं ‘त्यात दिसणार काय, सर?’ म्हणत तो तुकडा वगळला. बाकी ब्लॉट फ्रेम करून लावावा असा आला होता. सोमवारी ती सगळं पहिल्यापासून करणार आहे.