जुन्या रोबो-रॉकेटांना भाव का येतो, आणि ठाण्याच्या माळ्यावर काय सापडू शकते

नौपाड्यातल्या जुन्या इमारती आणि नवी मुंबईतल्या सिडकोच्या सुरुवातीच्या वसाहती पुनर्विकासाला जाऊ लागल्या, तसे वर्षानुवर्षे न उघडलेले माळे रिकामे होऊ लागले. त्यातली प्लास्टिकची खेळणी बहुतेक वेळा किलोच्या भावाने भंगारात जातात. त्यात एखादी वस्तू अशी असते की जिच्यासाठी परदेशातला संग्राहक वर्षभर शोध घेत असतो. ती ओळखायची तर थोडा इतिहास माहीत हवा.

विज्ञानकथेवरच्या खेळण्यांचा मोठा बाजार अमेरिकेत उभा राहिला. एअरगन बनवणाऱ्या डेझी कंपनीने १९३४ मध्ये बक रॉजर्स या चित्रकथेच्या नायकाचे एक्सझेड-३१ रॉकेट पिस्तूल आणले. ते पत्र्याचे होते. १९४२ मध्ये युद्धामुळे तिथे धातूची खेळणी बनवणे थांबले आणि घराघरांतली जुनी खेळणी भंगार-मोहिमेत वितळली. त्यामुळे युद्धापूर्वीची पत्र्याची खेळणी आज कमी दिसतात.

युद्धानंतर ही जागा जपानने घेतली. चावीचे, पुढे बॅटरीवर चालणारे, छापील पत्र्याचे रोबो तिथून जगभर गेले. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असलेला माल १९४७ ते १९५२ या काळातला. अशा पत्र्याला ब्रासो किंवा कुठलेही घासणारे पॉलिश लावू नका. रंगाचा थर अगदी पातळ असतो, एका घासण्यात तो जातो आणि किंमतही जाते.

आजच्या संग्राहकांचे मुख्य विश्व मात्र १९७७ पासून सुरू होते. त्या मे महिन्यात 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला, पण केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयार होऊ शकली नाहीत. कंपनीने मग रिकामे पाकीट आणि प्रमाणपत्र विकले. चित्रपटातल्या पात्रांच्या चार बाहुल्या टपालाने पुढच्या वर्षी पोहोचल्या. त्यांची उंची होती पावणेचार इंच. आकार लहान असल्यामुळे वाहने आणि अवकाशयानेही परवडतील अशा किमतीत देता आली, आणि पुढची कित्येक वर्षे सगळ्या उद्योगाने हेच माप उचलले.

इथे दुर्मीळपणाचे खरे कारण नीट समजून घ्यायला हवे. बाहुल्या प्रचंड संख्येने विकल्या गेल्या, त्यामुळे सुट्या बाहुल्या आजही सापडतात. मुलांनी फाडून फेकला तो वेष्टनाचा पुठ्ठा, आणि हरवली ती बोटाएवढी बंदूक. पहिल्या पुठ्ठ्यावर मागे फक्त बारा बाहुल्यांची चित्रे होती. असा न उघडलेला 'ट्वेल्व्ह बॅक' त्याच सुट्या बाहुलीच्या अनेक पट भाव घेतो. दुसरे कारण म्हणजे उत्पादनाच्या मध्येच झालेला बदल. 'स्टार वॉर्स'मधला बुटका जावा सुरुवातीला विनाइलच्या (मऊ प्लास्टिकच्या) झग्यात होता. मोठ्या बाहुल्यांच्याच किमतीत तो फार किरकोळ दिसतो म्हणून लवकरच कापडी झगा आला. विनाइलचा जावा म्हणून इतका महाग की बेन केनोबी या दुसऱ्या पात्राचा विनाइल झगा कापून नकली बनवतात.

'स्टार वॉर्स'मधल्याच बोबा फेट या पात्राच्या बाहुलीची कथा याहून टोकाची. पाठीवरून रॉकेट सुटणारी ही बाहुली १९७९ मध्ये टपालाने मिळणार अशी जाहिरात झाली होती. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीच्या अवकाशयानाचे क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला. केनरने रॉकेट चिकटवूनच बाहुली पाठवली. उडणाऱ्या रॉकेटचे जे थोडे नमुने कारखान्यात बनले होते तेच उरले. त्यातला हाताने रंगवलेला एक २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. घरातल्या बोबा फेटचे रॉकेट चिकटलेले असेल तर निराश होऊ नका; तोच विक्रीला आलेला मूळ प्रकार.

हा माल आपल्याकडे फारसा का नाही? खेळण्यांच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले. तोवर असे खेळणे यायचे ते आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या काका-मामाच्या बॅगेतून. म्हणूनच आमच्या मते इथल्या घरांत शोधायचा खरा माल भारतीय परवान्याचा आहे. ब्लो प्लास्ट कंपनीच्या लिओ या ब्रँडने ही-मॅनच्या बाहुल्या काढल्या, त्या सुमारास दूरदर्शनवर ती मालिका लागायची. १९८७ मध्ये एमआरएफ आणि अमेरिकेची खेळणी-कंपनी हॅसब्रो यांच्या भागीदारीतून आलेल्या फनस्कूलने जी. आय. जो या सैनिक-बाहुल्या काढल्या. अमेरिकेत वापरून झालेले साचे इथे आले आणि प्लास्टिक व रंग मात्र इथले, त्यामुळे अमेरिकेत कधीच नसलेल्या रंगांच्या बाहुल्या तयार झाल्या. परदेशी संग्राहक नेमक्या त्याच मागतात. कोलकात्याच्या निकी टॉइजने डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या गाड्यांच्या ब्रँडच्या साच्यांतून काढलेल्या गाड्यांचीही अशीच मागणी आहे.

भारतीय खोक्याचा एक मोठा फायदा म्हणजे काळ ठरवता येतो. वेष्टनबंद मालाच्या १९७७ च्या नियमांमुळे त्यावर किंमत आणि पॅकिंगचा महिना-वर्ष छापावे लागे. किमतीचे स्टिकर खरवडू नका. केनरच्या बाहुलीच्या पायावर मागे साल आणि देश पाहा. ते साल कॉपीराइटचे असते, उत्पादनाचे नव्हे. १९७७ लिहिलेली बाहुली १९८३ मधलीही असू शकते. नकली पुठ्ठा ओळखायला अतिनील टॉर्च वापरतात, पण सत्तरच्या दशकातला खरा कागदही कधी चमकतो. छपाईचे ठिपके भिंगाखाली पाहणे जास्त भरवशाचे.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर खरा शत्रू दमट हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांवर जाते. पुठ्ठ्याला बुरशी, पत्र्याला गंज, आणि शिसे मिसळलेल्या जस्ताच्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाड्यांना आतून भेगा. या भेगा एकदा सुरू झाल्या की त्यावर उपाय नाही. बंद डब्यात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवा, ४० ते ५० टक्के राहू द्या. जेलचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. माळ्यावर हमखास टाकतात त्या डांबरगोळ्या आधी काढा, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते. बाहुली चिकट झाली असेल तर पीव्हीसीतला मऊपणाचा घटक बाहेर येतो आहे. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा, थिनर अजिबात नाही. रबर बँडही नको, त्याचा डाग कायमचा राहतो. ठेवायला पीव्हीसीची नव्हे, पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या.

सेल फुटला असेल तर आधी त्याचा प्रकार पाहा. अल्कलाइन सेलचा पांढरा थर क्षाराचा, तो कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून निघतो. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी, तिला खाण्याच्या सोड्याची पेस्ट. दोन्ही वेळा शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवायचे. जी. आय. जोचे धड आणि पाय वेगळे झाले असतील तर ती मोडलेली नाही, आतली काळी रबरी रिंग सुकून तुटली आहे. पाठीचा स्क्रू उघडा, जुनी रिंग मोजून त्याच मापाची बसवा, आणि स्क्रू हाताला अडेल तिथेच थांबा. पुढे फिरवला तर प्लास्टिकला चीर जाते. पिवळे प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करण्याची टूम आहे. ते ठिसूळ होते, पिवळेपण परत येते, आणि विकताना हे सांगणे भाग आहे.

किंमत काढताना विक्रेत्याने मागितलेला आकडा पाहू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहा. दोन्हींत अनेकदा दुप्पट-तिप्पट फरक असतो. सुटी बाहुली, सामानासह पूर्ण बाहुली आणि न उघडलेला पुठ्ठा या तीन वेगळ्या वस्तू समजा. परदेशातून मागवून संग्रह पुरा करायचा विचार असेल तर खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, हे लक्षात ठेवून आजचा दर मागवण्याआधी तपासा.