बोखुम, लाइपझिग, ड्रेस्डेन: कुर्ट बीडेनकॉप्फ यांची वाटचाल

१४ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनीच्या पूर्वेकडील सॅक्सनी राज्यात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा हे राज्य पुन्हा अस्तित्वात येऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. पूर्व जर्मनीने १९५२ मध्ये राज्ये मोडून जिल्हे केले होते. त्यामुळे मंत्रालये, अर्थसंकल्प, राज्यघटना सगळेच नव्याने उभे करायचे होते. ५३.८ टक्के मते मिळवून सीडीयूने (ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने) मुख्यमंत्री म्हणून ही जबाबदारी साठ वर्षांच्या एका पश्चिम जर्मन कायदेपंडिताकडे, कुर्ट बीडेनकॉप्फ यांच्याकडे सोपवली.

बीडेनकॉप्फ तेव्हा राजकारणातून जवळपास बाजूला पडले होते. १९६७ ते १९६९ या काळात ते बोखुम विद्यापीठाचे कुलगुरू होते. कंपन्यांच्या कारभारात कामगारांना किती वाटा असावा, याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९७३ मध्ये सीडीयूचे नेते आणि पुढे चॅन्सेलर झालेले हेल्मुट कोल यांनी त्यांना पक्षाचे सरचिटणीस केले, पण पुढे दोघांचे बिनसले ते कायमचे.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर ते लाइपझिगच्या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवायला गेले. आमच्या मते सगळ्यात निर्णायक पाऊल हेच. सॅक्सनीतल्या सीडीयूत पूर्व जर्मनीच्या जुन्या राजवटीशी जुळवून घेतलेले कार्यकर्ते आणि त्या राजवटीविरुद्धच्या १९८९ च्या आंदोलनातून आलेले नवे लोक यांचे पटत नव्हते. दोन्ही गटांना चालेल असा माणूस हवा होता आणि तो आधीच तिथे शिकवत होता. शिवाय त्यांचे बालपण हाल्लेजवळच्या श्कोपाऊत गेले होते, म्हणून पूर्वेला ते अगदीच परके वाटले नाहीत.

त्यांचे धोरण सरळ होते: थोड्या ठिकाणी मोठी गुंतवणूक. ड्रेस्डेनमध्ये सीमेन्स आणि एएमडीचे चिप कारखाने आले, त्स्विकाऊजवळच्या मोझेलमध्ये फोक्सवॅगनचा. यातून संघर्षही झाला. १९९६ मध्ये युरोपीय आयोगाने फोक्सवॅगनसाठीच्या सुमारे २४ कोटी मार्कांच्या अनुदानाला हरकत घेतली, तरी ड्रेस्डेनमधल्या राज्य सरकारने त्यातले ९.१ कोटी देऊन टाकले. मतदार मात्र खूश होते: सीडीयूला १९९४ मध्ये ५८.१ टक्के मते मिळाली, १९९९ मध्ये ५६.९. लोक त्यांना 'राजा कुर्ट' म्हणू लागले.

वारसदाराच्या प्रश्नावर घडी विसकटली. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी अर्थमंत्री गेओर्ग मिल्ब्राट यांना काढले. त्याच वर्षी सरकारी निवासस्थानाचे कमी भाडे आणि तिथल्या नोकरवर्गाचा खासगी वापर यांवरून वाद पेटला. सप्टेंबरमध्ये मिल्ब्राट सीडीयूचे प्रदेशाध्यक्ष म्हणून निवडून आले आणि एप्रिल २००२ मध्ये मुख्यमंत्रिपदही त्यांच्याकडेच गेले.